गळ, माळ आणि धर्मव्याध



आजचं वाचन वनपर्वातलं आहे, कौशिक ब्राह्मण आणि धर्मव्याधाची कथा. ती मुद्दाम काढली. आमच्या जळगावच्या कॉलेजच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे, ऑगस्टमधलं काश्मीर. सोनमर्गहून पायी निघायचं, विशनसर, किशनसर, गडसर, गंगाबल ही तळी करत नारानागला उतरायचं. विशनसर साधारण 3,700 मीटरवर आहे. तिथे ट्राउट मासा मिळतो, मत्स्य विभागाचा परवाना काढला की गळ टाकता येतो. एक्सेल शीट अर्थातच माझ्याकडे आली: तंबू, दिवस, परवाने, रॉड किती.

रॉडच्या रकान्यावर गाडी अडली. माझ्या गळ्यात तुळशीची माळ. मित्र म्हणाले, "तुला काय अडचण? धरायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. मारायचं कुठे?" ऐकायला बिनतोड! गळाला उलटा काटा नसावा, हात ओले करून मासा धरावा, पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये, असे त्याचे नियमही आहेत आणि ते चांगलेच आहेत.

शिरपूरकडचा आमचा एक मित्र मात्र गप्प होता. तापीकाठचं गाव, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. शेवटी तो म्हणाला, "पोटसाठे मासा धरतस ते समजस, पन खेयसाठे कसाले रे भो?"

हे वाक्य काही डोक्यातून जाईना.

कथा आपल्याला माहीत आहे. झाडावरून बगळीची विष्ठा अंगावर पडली म्हणून कौशिकाने रागाने वर पाहिलं आणि ती मरून पडली. हातात शस्त्र नाही, पोटात भूक नाही. पुढे एका गृहिणीच्या सांगण्यावरून तो मिथिलेला जातो आणि धर्म शिकतो कोणाकडून, तर मांस विकणाऱ्याकडून! धर्मव्याध स्वतः मारत नाही, खातही नाही, दुसऱ्यांनी मारलेल्याचं मांस विकतो. तरीही तो स्वतःला निर्दोष म्हणवून घेत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो म्हणतो की नांगर चालला तरी जीव मरतात, चालताना पायाखाली मरतात. आमच्या घरी कपाशी आहे. एका फवारणीत किती जीव जातात ते मी पाहिलेलं आहे. माळ घातली म्हणून तो हिशोब मिटत नाही.

मग माशापुरतंच का अडायचं? मला दिसणारा फरक असा. कपाशीची फवारणी टाळता आली तर आम्ही टाळू, तिच्यात आनंद नाही. गळाला लागून धडपडणं हाच मात्र या खेळाचा आनंद आहे. मासा लगेच, शांतपणे हातात आला तर कोणी पैसे मोजून तिथवर जाणार नाही. 2003 साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या तोंडाभोवती इजा टिपणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. ती इजा त्याला वेदना म्हणून 'जाणवते' का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण शंकेचा फायदा मी माशाला देईन, माझ्या फोटोला नाही.

शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीतही मासा येतो. तो स्वतःहून येतो, मोठे मासे खातील म्हणून रक्षण मागतो. मनू त्याला वाढवतो आणि मग समुद्रात सोडतो. सोडणं तेही आणि हेही, पण धरण्याचं कारण बघा. (आपल्या तोरणमाळला मच्छिंद्रनाथांची गुहा आहे. माशाच्या पोटात राहून शिवाचा उपदेश ऐकणारे नाथ ते. खान्देशातल्या माणसाला मासा म्हणजे नुसता मासा राहत नाही.)

एक गोष्ट कबूल केली पाहिजे: शिरपूरच्या मित्राच्या न्यायाने, खाण्यासाठी एक ट्राउट धरणारा माणूस, धरून सोडणाऱ्या माळकऱ्यापेक्षा सरळ ठरतो. माझ्या घरी हे पटणार नाही. मला पटलंय.

ग्रुपवर तसं लिहिलं. दोन दिवस चेष्टा झाली, "महाराज" वगैरे. आता ठरलंय ते असं: माझ्या नावापुढे रॉड शून्य. विशनसरला परवान्यात बसेल तेवढंच आणि खाणार तेवढंच धरायचं, रात्री शिजवायचं. धरून सोडणं कोणीच करणार नाही. गंगाबलला गळ काढायचेच नाहीत, काश्मिरी पंडित तिथे अस्थी विसर्जन करतात. याला कोणाचाच विरोध नव्हता.

शीटमध्ये आता एकच रकाना पिवळा आहे. आमचे तंबू आणि शिधा खेचरं वाहणार, तेही आमच्या हौसेसाठीच. एका खेचरावर किती किलो लादणार, हे मी गाईडला विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही.