खाडीकाठचं मैदान

ऑस्ट्रेलियात सिडनी आणि न्यूकॅसल या दोन शहरांच्या मध्ये, खाडीच्या काठावर गॉसफर्ड नावाचं गाव होतं. गावातली बरीच माणसं पहाटेची गाडी पकडून सिडनीला कामाला जायची आणि दिवेलागणीला परतायची. हिवाळा आला की रग्बी लीगखेरीज दुसरा विषय नसायचा. सिडनीचे संघ होते, न्यूकॅसलचा संघ होता. मधल्या गावाला मात्र स्वतःचा संघ नव्हता.

सिडनीच्या उत्तर भागात नॉर्थ सिडनी बेअर्स हा संघ होता. लाल-काळी जर्सी, छातीवर अस्वल. 1908 साली स्पर्धा सुरू झाली तेव्हापासूनचा, पण 1922 नंतर एकदाही न जिंकलेला. हा संघ गॉसफर्डला यायला तयार झाला. खाडीकाठी वीस हजार माणसं मावतील असं मैदान बांधायला घेतलं गेलं.

पावसाने ठाण मांडलं. काम लांबलं आणि 1999 चा हंगाम हातचा गेला. संघावर कर्ज झालं होतं. त्यातच स्पर्धेतले संघ कमी करून 14 वर आणायचं ठरलं होतं. बेअर्सना शेजारच्या मॅनलीशी, आपल्या जुन्या वैऱ्याशीच, एक व्हावं लागलं. 2000 साली मैदान उघडलं तेव्हा त्यावर हा जोडसंघ उतरला. ती जोडी तीन हंगामांपलीकडे टिकली नाही. मॅनली आपल्या घरी परतलं. बेअर्सना स्पर्धेत जागा उरली नाही.

त्या मैदानावर एक माळी होता. लहानपणापासून लाल-काळ्या जर्सीचा भक्त. संघ गेला तरी तो रोज यायचा, गवत कापायचा, पाणी द्यायचा.

2005 मध्ये फुटबॉलची नवी लीग सुरू झाली आणि गॉसफर्डच्या मरिनर्स संघाला तिच्यात जागा मिळाली. आता रग्बीचे उंच खांब काढावे लागणार होते. माळ्याने ते काढले, पण मनाविरुद्ध. शेडमध्ये नीट झाकून ठेवले. मधूनच सिडनीचा एखादा संघ आपला एक सामना इथे खेळायला यायचा, तेव्हा तो ते हौसेने उभे करायचा. फुटबॉलचा सामना सुरू झाला की मात्र शेडमध्ये जाऊन बसायचा.

पुढे गावाने बेअर्ससाठी पुन्हा अर्ज केला. संघ नसतानाच हजारो लोकांनी सभासद म्हणून नावं दिली. माळ्याने आपल्या नातीचंही नाव घातलं. 2012 मध्ये उत्तर आलं: सध्या नवे संघ घ्यायचे नाहीत.

त्या रात्री तो नातीला म्हणाला, "आपलं मैदान वाया गेलं बघ."

नात म्हणाली, "आजोबा, मग परवा मी कशावर खेळले?" ती फुटबॉल शिकत होती. शाळेच्या मुलींचा सामना त्याच गवतावर झाला होता. तो शेडमध्ये होता, त्याने पाहिलाच नव्हता.

म्हाताऱ्याला उत्तर सुचलं नाही. पण पुढच्या सामन्याला तो शेडमधून बाहेर येऊन कठड्यापाशी उभा राहिला. 2013 मध्ये मरिनर्स विजेते झाले. 2023 मध्ये पुन्हा झाले. 2024 च्या मे महिन्यात तर अंतिम सामना गॉसफर्डलाच झाला. मैदान गच्च भरलं. जादा वेळेत मरिनर्सनी मेलबर्न व्हिक्टरीला 3-1 असं हरवलं. माळी केव्हाच निवृत्त झाला होता. नातीचा हात धरून तो प्रेक्षकांत उभा होता आणि घसा बसेपर्यंत ओरडत होता.

वर्षभराने बातमी आली. बेअर्सना स्पर्धेत पुन्हा जागा मिळाली होती. 2027 पासून ते खेळणार होते, पण खंडाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थमध्ये.

नातीला वाटलं, आजोबा खचतील. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण आता ते खेळणार आहेत. आपण बघू."

"आणि आपलं मैदान?"

"त्याच्यावर शनिवारी तुझा सामना आहे ना? वेळेवर पोच."

ज्याच्यासाठी घर बांधावं तोच पाहुणा येईल असं नाही. बोलावणं करणं आपल्या हाती असतं, येणं त्याच्या. गॉसफर्डचा अर्ज फसला, पण त्यासाठी केलेली तयारी फसली नाही, कारण कुणीतरी ते गवत रोज राखलं होतं. माळ्याचं दुःख खरं होतं. फक्त त्या दुःखात पाठ फिरवून बसल्यामुळे दारी आलेला दुसरा पाहुणा त्याला कितीतरी वर्षं दिसला नाही. न आलेल्याची आठवण जरूर ठेवावी. आलेल्याकडे पाठ मात्र करू नये.