कोणाचेही पूर्वज नसलेल्यांची जागा

पूर्वज कोणाला म्हणावे या प्रश्नाचे उत्तर बहुतेक समाजांनी रक्ताच्या नात्यात शोधले, आणि त्यामुळे कुळाचा इतिहास म्हणजे एका पिढीकडून दुसरीकडे उतरत आलेल्या नावांची ओळ, अशी समजूत रूढ झाली. या ओळीत ज्यांच्यामुळे पुढची पिढी जन्मली त्यांनाच स्थान मिळते. जे वाढण्याआधी गेले, ज्यांना मूल झाले नाही, ज्यांचे नावच ठेवले गेले नाही, ते तिच्यात कोठेही बसत नाहीत. अशा मृतांविषयी जिवंतांचे काही कर्तव्य उरते काय, आणि उरत असेल तर ते कोणाचे, हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे तितकाच नीतिशास्त्राचाही आहे. आयर्लंडच्या ग्रामीण काउंट्यांचे, म्हणजे साधारणपणे जिल्ह्याच्या तोडीच्या विभागांचे, एकोणिसाव्या शतकातील स्थलनिर्देशक नकाशे या प्रश्नाला अनपेक्षित बाजूने भिडतात; कारण धर्मसंस्थेच्या वहीने ज्यांना नाकारले त्यांची जागा या नकाशांनी नोंदवून ठेवली, आणि तीही कोणत्याही धार्मिक हेतूवाचून.

हे नकाशे करआकारणीसाठी निघाले. स्थानिक कराचा बोजा जमिनीच्या खऱ्या क्षेत्रफळावर बसावा म्हणून 1824 साली टॉमस कोल्बी याच्या नेतृत्वाखाली आयर्लंडचे ऑर्डनन्स सर्वेक्षण सुरू झाले, त्याचे मुख्यालय डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये राहिले आणि 1846 पर्यंत संपूर्ण बेट मैलाला सहा इंच, म्हणजे 1:10,560, या प्रमाणात कागदावर उतरले. तापमानाने लांबी बदलू नये म्हणून पितळ व लोखंड यांच्या जोडपट्ट्या वापरून लॉ फॉइल येथे आधाररेषा, म्हणजे पुढील सर्व मोजणीचा पाया ठरणारी रेषा, मोजण्यात आली; 1829 मध्ये भारतातील सर्वेक्षणाचा अधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट हे काम पाहण्यास तेथे गेला आणि तशाच पट्ट्यांनी पुढे त्याने कलकत्त्याची आधाररेषा मोजली, त्यामुळे भारतीय सर्वेक्षणाच्या नकाशांशी या आयरिश नकाशांचे नाते केवळ कल्पनेतले नाही. सर्वेक्षणाचा मूळ घटक होता टाउनलँड, म्हणजे काही शेते, एखादी वस्ती आणि थोडे माळरान मिळून होणारे, स्वतःचे नाव आणि स्वतःची शीव असलेले लहान शिवार. अशी साठ हजारांहून अधिक शिवारे देशात होती, आणि त्यांची नावे ठरवताना जॉन ओ'डॉनोव्हनसारखा विद्वान गावोगाव फिरून वृद्धांना विचारत असे, जुनी हस्तलिखिते ताडून पाहत असे, व मिळालेले ज्ञान पत्रांतून डब्लिनला कळवत असे.

अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आयरिश वंशजाला आज मूळ घर शोधायचे असेल, तर हे शिवाराचे नाव हाती येणे ही पहिली अट असते. त्यानंतर रिचर्ड ग्रिफिथ याच्या देखरेखीखाली 1847 ते 1864 या काळात प्रसिद्ध झालेल्या मूल्यांकनाच्या याद्या उपयोगी पडतात. त्यांत प्रत्येक जमीनधारक कुटुंबाच्या प्रमुखाचे नाव, ज्याच्याकडून त्याने जमीन धरली त्याचे नाव, क्षेत्रफळ आणि सहा इंची नकाशाच्या पत्रकावरील क्रमांक दिलेला असतो, आणि तो क्रमांक धरून गेल्यास नेमके शेत आणि पुष्कळदा नेमके घरही सापडते. या साधनांना इतके महत्त्व येण्याचे कारण दुःखद आहे. 1922 च्या जून महिन्यात यादवी युद्धात डब्लिनचे सार्वजनिक अभिलेखागार जळाले आणि 1821 ते 1851 या चार जनगणनांची बहुतेक पत्रके नष्ट झाली. त्यानंतरच्या चार जनगणनांची पत्रके तर सरकारी आदेशानेच आधी नाहीशी करण्यात आली होती. परिणामी पूर्ण स्वरूपात उरलेली सर्वांत जुनी जनगणना 1901 ची आहे. माणसांच्या याद्या गेल्या आणि जमिनीचे चित्र उरले.

त्या चित्राचा काळही विलक्षण आहे. 1841 मध्ये देशाची लोकसंख्या सुमारे 82 लाख होती. बटाट्याच्या रोगाने आलेल्या दुष्काळानंतर 1851 मध्ये ती सुमारे 66 लाखांवर आली, म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या पत्रकांवर दाट काळ्या ठिपक्यांनी दिसणाऱ्या कित्येक वस्त्या, त्यांची शाई वाळून थोडी वर्षे होतात तोच, ओस पडल्या. मेयो काउंटीतील ॲकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी ऐंशी ते शंभर दगडी घरांच्या छप्पर नसलेल्या भिंती आजही उभ्या आहेत, आणि 1838 च्या नकाशात ती वस्ती नांदती दिसते. तरीही दुष्काळात गेलेल्यांना स्मृतीत जागा मिळाली. त्यांची स्मारके झाली, त्यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले. ज्यांना ती मिळाली नाही अशा मृतांची खूण याच पत्रकांवर एखाद्या कोपऱ्यात, दोन शिवारांच्या शिवेवर, ओढ्याकाठी किंवा समुद्राच्या भरतीरेषेजवळ ‘मुलांची दफनभूमी’ अशा अर्थाच्या तीन शब्दांनी केलेली आढळते.

या जागांना आयरिश लोक किलीन म्हणतात. बाप्तिस्म्यापूर्वी, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाच्या संस्कारापूर्वी, मरण पावलेल्या अर्भकांना तेथे पुरले जाई, आणि त्यांच्या सोबतीला आत्महत्या केलेले, समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले, ओळख न पटलेले वाटसरू अशा, पवित्र केलेल्या स्मशानात ज्यांना प्रवेश नव्हता, त्या माणसांनाही जागा मिळे. देशभर अशी एक हजाराहून अधिक स्थळे ज्ञात आहेत आणि पश्चिमेकडील काउंट्यांत ती अधिक दाट आहेत. पुष्कळदा त्यांच्यासाठी पडीक झालेल्या प्राचीन चर्चचा परिसर किंवा जुन्या काळची गोल मातीची तटबंदी निवडलेली दिसते, म्हणजे जेथे पावित्र्य एकेकाळी होते किंवा असल्याची लोकसमजूत होती, अशी भूमी. थडग्यांवर नाव नसते. न घडवलेला एखादा उभा दगड आणि कोठे कोठे पांढऱ्या गारगोट्या एवढेच असते. मौखिक आठवणींमध्ये वारंवार येते ते असे की बाप किंवा चुलता अंधार पडल्यावर लहानशी पेटी घेऊन एकटा जाई, आणि आई बरोबर नसे. ज्या आईबापांना धर्माने सांगितले की या मुलासाठी चर्चच्या आवारात जागा नाही, त्यांनी धर्माला नकार दिला नाही, पण मुलाला कोठेही टाकूनही दिले नाही. जुन्या चर्चच्या पडक्या भिंतीचा आडोसा निवडण्यात आपल्या मुलालाही काही पावित्र्य लाभावे ही इच्छा स्पष्ट दिसते, आणि हा निर्णय कोणत्याही धर्मपंडिताच्या युक्तिवादापेक्षा कमी विचारपूर्वक घेतलेला नाही.

या प्रथेमागील सिद्धान्त पाचव्या शतकातील संत ऑगस्टीनपर्यंत मागे जातो. प्रत्येक मनुष्य आदिपापासह जन्मतो आणि बाप्तिस्म्याशिवाय ते धुतले जात नाही, अशी त्याची मांडणी असल्यामुळे बाप्तिस्म्यावाचून गेलेले अर्भकही दोषी ठरते, मात्र त्याची शिक्षा सर्वांत सौम्य असते, असे त्याने म्हटले. मध्ययुगीन तत्त्वज्ञांना हे कठोर वाटले आणि त्यांनी लिंबो ही कल्पना पुढे आणली: अशा मुलांना यातना नाहीत, पण ईश्वराचे प्रत्यक्ष दर्शनही नाही. टॉमस ॲक्विनासच्या मते तर त्यांना एक प्रकारचे नैसर्गिक सुख लाभते. स्वर्ग आणि नरक यांच्या कडेला कल्पिलेली ही जागा आयर्लंडच्या भूमीवर शिवारांच्या कडेला प्रत्यक्ष आखली गेली, आणि तर्काने जे सौम्य केले होते ते भूगोलात पुन्हा कठोर झाले, कारण सिद्धान्तातील सूक्ष्म भेद ग्रंथांत राहिले आणि कुंपणाबाहेरची माती आईबापांच्या वाट्याला आली.

वंशशोधकाच्या दृष्टीने याचा परिणाम असा की ही मुले बहुतांशी कोणत्याही नोंदवहीत नाहीत. पॅरिशची, म्हणजे एका धर्मगुरूच्या अखत्यारीतील क्षेत्राची, नोंदवही बाप्तिस्म्यापासून सुरू होते. 1864 पासून आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्ममृत्यूंची सरकारी नोंद होऊ लागली, पण मृत जन्मलेल्या मुलांसाठी स्वतंत्र नोंदवही 1995 मध्ये उघडली गेली. ग्रिफिथच्या याद्यांत कुटुंबप्रमुखाखेरीज कोणी नाही. अशा स्थितीत ती मुले होती याची ग्वाही देणारा अधिकृत कागद उरतो तो हा करआकारणीचा नकाशा, आणि तोही नाव सांगत नाही, संख्या सांगत नाही, केवळ स्थळ सांगतो.

केवळ स्थळ सांगणे पुरेसे आहे काय, हा प्रश्न येथे अटळपणे उभा राहतो, आणि त्यावर विचार करताना पुन्हा ऑगस्टीनच उपयोगी पडतो हे लक्षात घेण्यासारखे आहे. एखाद्या संताच्या थडग्याजवळ पुरल्याने मृताला काही लाभ होतो काय, असा प्रश्न नोलाचा बिशप पॉलिनस याने त्याला विचारला होता, आणि त्याच्या उत्तरादाखल ऑगस्टीनने मृतांविषयी घ्यावयाच्या काळजीवर एक लहान ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की दफनाचे स्थान आत्म्याला वर नेत नाही किंवा खाली ढकलत नाही. ज्यांना दफनच मिळाले नाही त्यांचेही त्यामुळे काही बिघडत नाही. दफनविधी मुख्यतः जिवंतांच्या सांत्वनासाठी असतात. मात्र देहाचा सन्मान हे माणुसकीचे कर्तव्य आहे, आणि स्थानाचा उपयोग इतकाच की ते पाहून जिवंतांना मृताची आठवण होते व ते त्याच्यासाठी प्रार्थना करतात. हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर किलीनच्या प्रथेतील खरा अन्याय उघड होतो. अर्भकाला पवित्र भूमी न मिळाल्याने त्याच्या आत्म्याचे काही गेले नाही असे ऑगस्टीनच्याच तत्त्वाने मानावे लागेल. गेले ते जिवंतांचे, कारण रविवारी चर्चला येताजाता नजरेस पडणारे स्थान त्यांच्याकडून काढून घेतले गेले आणि आठवणीला प्रार्थनेपर्यंत नेणारी वाट तुटली. नकाशावरील तीन शब्द ही वाट काही अंशी पुन्हा जोडतात, आणि नाव नसतानाही स्मरण शक्य होते, कारण ते स्मरण स्थळाच्या आधारे उभे राहते.

यावर असा आक्षेप घेता येईल की स्मरणाचे कर्तव्य नात्यातून उगवते, आणि ज्यांचा कोणी वंशज नाही त्यांचे स्मरण करण्यास कोणीच बांधलेला नाही. हिंदू श्राद्धविधीने हा आक्षेप फार पूर्वी ओळखला होता. तेथे पिता, पितामह, प्रपितामह यांना नावाने आवाहन होते, पण तर्पणाच्या अखेरीस वस्त्र पिळून जे पाणी दिले जाते ते कुळात जन्मून निपुत्रिक गेलेल्यांसाठी असते. निर्वंश मृतांची जबाबदारी कुळावर टाकणारी ही तरतूद उदार आहे, तरी तिची मर्यादा कुळाचीच आहे. किलीनमध्ये शेजारी शेजारी पडलेल्या मृतांत एका शिवारातील अनेक घरांची मुले आणि ज्याचे गावही माहीत नाही असा बुडालेला खलाशी असतो. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट रक्त नसून भूमी आहे. म्हणून येथे कर्तव्य वंशजावर येत नाही, तर त्या शिवारात राहणाऱ्यावर, ती जमीन कसणाऱ्यावर, आणि दूर देशातून आपल्या खापरपणजोबाचे घर शोधत त्याच पत्रकावर बोट फिरवणाऱ्यावर येते. कारण ज्या घराचा त्याला अभिमान वाटतो त्या घरातूनही एखादी पेटी रात्री बाहेर पडली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि शेजाऱ्याच्या घरातून पडली असली तरी तीच शीव त्याच्या पूर्वजांचीही होती.

नकाशाला मात्र सर्वज्ञ मानता येणार नाही. त्याचे कर्ते प्रामुख्याने लष्करातील अभियंते आणि त्यांच्या हाताखालचे मोजणीदार होते. त्यांनी जे विचारले ते आणि स्थानिकांनी जे सांगितले ते कागदावर आले. काही किलीन पहिल्या आवृत्तीत नाहीत व पुढच्या आवृत्तीत येतात, काही कोणत्याच आवृत्तीत नाहीत आणि केवळ लोकांच्या बोलण्यात किंवा उत्खननात सापडल्या. म्हणून एखाद्या पत्रकावर अशी खूण नसणे म्हणजे तेथे असे कोणी पुरलेले नसणे, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. परंतु जेथे खूण आहे तेथे एक गोष्ट निश्चित म्हणता येते: कोणीतरी मोजणीदाराला ती जागा दाखवली. ज्या विषयावर घरात आणि चर्चमध्ये मौन होते, त्या विषयावर एका परक्या माणसापुढे, कदाचित सरकारी गणवेशातल्या माणसापुढे, कोणीतरी बोलले. सर्वेक्षणाचा हेतू कर होता, सांगणाऱ्याचा हेतू कर नव्हता. आणि कागदावर उरलेले सत्य या दोघांच्या सहभागाचे आहे, ते एकट्या शासनाचे नाही.

धर्मसंस्थेची भूमिका पुढे बदलली. 1917 च्या कॅथलिक धर्मसंहितेत बाप्तिस्मा न झालेल्यांना चर्चचे दफन नाकारलेले होते; 1983 च्या संहितेने, ज्या मुलांचा बाप्तिस्मा करण्याचा आईबापांचा मानस होता त्यांना धर्मविधीने निरोप देण्यास अनुमती दिली; आणि 2007 मध्ये कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने अशा मुलांच्या तारणाची आशा बाळगण्यास गंभीर आधार असल्याचे सांगून लिंबो हा कधीच अनिवार्य श्रद्धेचा भाग नव्हता हे स्पष्ट केले. आयोगाने आशा म्हटले, खात्री म्हटले नाही, आणि ज्ञानाच्या मर्यादेविषयीची ही सचोटी आदरास पात्र आहे. मात्र शतकानुशतके कुंपणाबाहेर राहिलेल्या मातीचा प्रश्न सिद्धान्त दुरुस्त केल्याने सुटत नाही. अनेक गावांनी आपल्या किलीनभोवती भिंत घातली, दगड उभारला, धर्मगुरूला बोलावून भूमी पवित्र करून घेतली. आणि हे करताना जागा नेमकी कोठे संपते हे ठरवायला जुने सहा इंची पत्रकच पुढे ठेवावे लागले.

शासनाच्या दृष्टीने ही स्थळे आता पुरातत्त्वाचा भाग आहेत. 1994 च्या राष्ट्रीय स्मारक सुधारणा कायद्यान्वये काउंटीवार स्मारकांची नोंद तयार झाली, तिच्यासाठीही या जुन्या नकाशांचा मोठा आधार घेण्यात आला, आणि नोंदलेल्या जागी खोदकाम करण्यापूर्वी दोन महिन्यांची सूचना देणे जमीनमालकावर बंधनकारक झाले. ज्या मुलांना नोंदवहीत एक ओळ मिळाली नाही त्यांच्या जागेला अशा रीतीने क्रमांक आणि संरक्षण मिळाले. जी स्थळे मोजणीदाराला कोणी दाखवली नाहीत त्यांना हे संरक्षण सहसा मिळालेले नाही, आणि त्यांपैकी किती नांगराखाली गेली हे त्या त्या शिवारातील वृद्धांना विचारूनच समजू शकते, तेही ते वृद्ध हयात आहेत तोवर.