हिरव्या ठिपक्याची हजेरी

बशीएवढ्या तबकडीवर माऊस ठेवायचा. तबकडी हळूहळू फिरत राहते, पडद्यावरचा बाण हलत राहतो आणि चॅटमधल्या नावापुढचा ठिपका हिरवाच राहतो. ‘माऊस जिगलर’ नावाचे हे यंत्र ऑनलाइन दुकानांत सर्रास मिळते. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कीबोर्डची खोटी हालचाल दाखवल्याच्या कारणावरून डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना घरी बसवले. लबाडी ती लबाडीच. पण त्या काळात या मंडळींचे काम अडले होते का, हा खरे तर पहिला प्रश्न असायला हवा. ते अडले नसेल, तर बँक मोजत होती ते काम नव्हतेच.

घरून काम करणारा माणूस किती काम करतो, याची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीने २०१० च्या अखेरीस कॉल सेंटरमधल्या इच्छुकांची जन्मतारखेच्या सम-विषमावरून विभागणी केली आणि एका गटाला नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिले. त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. त्यातला मोठा वाटा कमी सुट्ट्या आणि कमी मधल्या विश्रांतीचा होता, उरलेला मिनिटागणिक जास्त कॉल घेतल्याचा. भारतातला प्रयोग नेमका उलटा निघाला. चेन्नईत डेटा एंट्री करणाऱ्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे घरी किंवा ऑफिसात वाटले, तेव्हा घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी भरली.

निष्कर्ष परस्परविरोधी असले, तरी दोन्ही प्रयोगांवर विश्वास ठेवता येतो, कारण दोन्हीकडे पूर्ण झालेले काम मोजले गेले: घेतलेले कॉल, भरलेल्या नोंदी. पंचाईत होते ती ज्या कामाचे असे नग पडत नाहीत तिथे.

आशियातल्या एका मोठ्या आयटी सेवा कंपनीतल्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. कोविडकाळात घरी गेल्यावर त्यांचे कामाचे तास वाढले, पण हातावेगळे होणारे काम वाढले नाही. ताशी उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी घसरली. लॉगइनचे तास मोजणाऱ्या कुणालाही या काळात माणसे जास्त राबताना दिसली असती आणि घसरण नजरेतून पूर्ण निसटली असती. मग वेळ गेला कुठे? मीटिंगमध्ये आणि एकमेकांशी ताळमेळ बसवण्यात. सलग, विनाव्यत्यय काम करण्याचा वेळ आक्रसला. वरिष्ठांशी समोरासमोरचे बोलणे आणि मार्गदर्शनही कमी झाले. म्हणजे बिघाडाचा मोठा भाग कामाच्या आखणीत होता, आणि ती आखणी कर्मचाऱ्याच्या हातात नसते.

चुकीच्या मोजपट्टीचा रोग घरून कामाच्याही आधीचा आहे. १९८२ मध्ये ॲपलच्या व्यवस्थापकांनी प्रोग्रामरांकडून आठवड्याला कोडच्या किती ओळी लिहिल्या याचा तक्ता भरून घ्यायला सुरुवात केली. त्या प्रोग्रामरांपैकी बिल ॲटकिन्सन यांनी त्या आठवड्यात चित्रे रेखाटणाऱ्या कोडचा एक भाग नव्याने लिहून तो कितीतरी वेगवान केला होता आणि त्या भरात दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्यांनी रकान्यात ‘उणे २०००’ असा आकडा भरला. पुढे त्यांच्याकडे तो तक्ता मागणे बंद झाले.

आज तो रकाना सॉफ्टवेअर स्वतःच भरते. मायक्रोसॉफ्टच्या ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’मध्ये कोण ईमेल आणि चॅट किती दिवस वापरतो हे नावानिशी दिसू लागले, तेव्हा ओरड झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने नावे काढून टाकली. नेदरलँड्समध्ये दिवसभर वेबकॅम चालू ठेवायला नकार देणाऱ्या टेलिमार्केटरला कंपनीने काढले, तर २०२२ मध्ये न्यायालयाने तिला सुमारे ७५ हजार युरो मोजायला लावले. आपल्याकडे मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवायही माहिती वापरायला वाव ठेवला आहे.

मालकांची धास्ती अगदीच निराधार नाही. प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचे विप्रोने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केले होते. पण तो मामला कराराचा आणि सचोटीचा. दोन नोकऱ्या करणाऱ्याचाही माऊस दिवसभर हलतच असतो.

तेव्हा हिंजवडी असो वा बेंगळुरू, नजर ठेवणारे सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी व्यवस्थापकांनी दोन कामे करावीत. प्रत्येकाने आठवड्याअखेर काय पूर्ण करून द्यायचे आणि ते बरे झाले हे कशावरून ठरवायचे, हे त्याच्याशी बोलून लिहून काढावे. आणि दर महिन्याला आपण बोलावलेल्या मीटिंगांनी टीमचे किती तास खाल्ले, त्याचा हिशेब स्वतःच्या नावावर मांडावा.