तुम्ही कोणाकडून?

हिंगणघाटला बाजार समितीबाहेर चहा घेता घेता कोणी कापसाच्या भावावर दोन शब्द बोलला, की प्रश्न येतोच, "तुम्ही कोणाकडून?" बोलणं खरं की खोटं, ते मागाहून. आधी माणसाची बाजू पक्की करायची. 'कोणाकडूनच नाही' म्हणणाऱ्यावर विश्वास बसत नाही.

आमच्या वर्धा जिल्ह्याने मात्र कोणालाच कायमचा शब्द दिलेला नाही. १९९१ मध्ये वर्ध्याने मार्क्सवादी रामचंद्र घंगारे यांना लोकसभेत पाठवले, १९९६ मध्ये भाजपचे विजय मुडे, १९९८ मध्ये काँग्रेसचे दत्ता मेघे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, दोनदा निवडून आलेले भाजपचे रामदास तडस पडले आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे अमर काळे आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात जिल्ह्यातल्या चारही विधानसभा जागा भाजपकडे गेल्या. कोणी याला लाट म्हणतात, कोणी पैशाचा खेळ. मला त्यात विचार करून मत बदलणारी माणसंही दिसतात आणि त्यांचा मला आधार वाटतो.

पण पक्षांपासून नुसतं अलिप्त राहून भागत नाही. हा धडाही इथलाच. पवनारच्या विनोबा भावेंनी पक्षमुक्त लोकनीतीचा ध्यास घेतला. सत्तेच्या राजकारणापासून दूर राहून शिक्षकांनी निर्भयपणे बोलावं म्हणून १९६८ मध्ये आचार्यकुल सुरू केलं. पुढे जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनावरून सर्वोदय कार्यकर्त्यांच्या सर्व सेवा संघात फूट पडली. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, तेव्हा विनोबा वर्षभराच्या मौनात होते. त्यांचे 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द सरकारने प्रचाराला वापरले. अनुशासन आचार्यांचं, असा खुलासा त्यांनी नंतर केला, पण तोवर ते शब्द सत्तेचे होऊन बसले होते. विनोबांविषयी अपार आदर ठेवूनच म्हणतो, पक्षाबाहेरच्या माणसाने अन्यायाच्या वेळी इतरांपेक्षा अधिक स्पष्ट बोललं पाहिजे.

कार्यकर्त्यांवर माझा राग नाही. उन्हातान्हात बूथवर बसणाऱ्या पोरांशिवाय निवडणूक पार पडत नाही. मला टोचतं ते वेगळंच. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून बराच कमी भाव मिळत होता. तेव्हा पोतं तेच, तोटाही तोच, पण सरकार कोणाचं हे पाहून माणसांचा राग चढत-उतरत होता.

म्हणून पुढच्या निवडणुकीत दारी येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारणार आहे: तुमच्या पक्षाची कोणती गोष्ट तुम्हाला पटली नाही? जो उत्तर देईल, त्याला घरात बोलावून त्याचं म्हणणं पूर्ण ऐकेन, पक्ष कोणताही असो.