काटा की फासा?

गेल्या श्रावणातील गोष्ट. भालकी तालुक्यातील एक वृद्ध शेतकरी सायंकाळी आमच्या कचेरीत आले. त्यांचा धाकटा मुलगा पुण्यास नोकरीस असतो. पगार बरा, परंतु शेअर बाजारातील ऑप्शनच्या व्यवहारात त्याने दोन वर्षांत स्वतःची शिल्लक घालविली आणि वर कर्जही केले. ते फेडण्यासाठी वडिलांनी चार एकर काळी जमीन विकली होती. मुलाविषयी त्यांनी एकही कठोर शब्द काढला नाही. त्यांनी विचारले ते इतकेच : "वकीलसाहेब, हा जुगारच की नाही? मग जुगारात गेलेला पैसा परत मागता येत नाही काय?"

उत्तर नकारार्थी होते, आणि ते आम्हांस द्यावे लागले. १८७२ च्या करार कायद्याचे ३० वे कलम पैजेचा करार निरर्थक ठरविते. परंतु त्याचा अर्थ असा नव्हे की, हरून चुकता केलेला पैसा न्यायालय परत मिळवून देते. घेरुलाल पारख यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली पैज निरर्थक असली तरी बेकायदा नव्हे, असा निर्वाळा दिला. पुढे रोखे करार नियमनाच्या कायद्यात १८-अ हे कलम आले. मान्यताप्राप्त बाजारातील अशा करारांस त्याने वैधता दिली, आणि जून २००० पासून आपल्या देशात निर्देशांकाचे वायदे सुरू झाले. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने मुलाने जुगार खेळलेलाच नव्हता. याज्ञवल्क्याने सांगून ठेविले आहे की, मद्य, कामासक्ती आणि द्यूत यांपायी बापाने केलेले ऋण मुलाने देऊ नये. येथे मुलाचे ऋण बापाने दिले होते, आणि कुटुंबासाठी केलेले नसेल तर असे ऋण बापाने देऊ नये, असेच स्मृती सांगते.

जाता जाता त्यांनी विचारले, "मग दोष कोणाचा?" आम्ही म्हणालो, "काका, थोडाथोडा सर्वांचाच." यावर ते क्षणभर थांबून म्हणाले, "थोडाथोडा सर्वांचा म्हणजे कोणाचाच नाही, असेच ना?"

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. त्याच दिवशी आमचे एक बालमित्र गाणगापूरचे दर्शन घेऊन आमच्याकडे मुक्कामास आले होते. नावगाव न सांगता आम्ही त्यांस ही हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या मुलाने जो चार्ट पाहिला, तो कदाचित मीच लिहिलेला असेल."

हे गृहस्थ सॉफ्टवेअर अभियंते आहेत. बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांतील अनेक मुलांप्रमाणे पदवी हाती पडताच त्यांनी मोठ्या शहराची वाट धरली. १९९८ साली व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती निघाली. तिच्यावर त्यांनी धडे गिरविले, पुढे सी प्लस प्लस आत्मसात केली, आणि विंडोजवर चालणाऱ्या, शेअरचे भाव चित्ररूपाने दाखविणाऱ्या आज्ञावल्या लिहिण्यात उणीपुरी पंचवीस वर्षे घालविली. राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ साली पडद्यावरील व्यवहार सुरू केले, आणि त्यानंतर दलालाच्या ओरडण्याची जागा हळूहळू आकड्यांनी घेतली. त्या धावत्या आकड्यांस स्थिर रूप देणे हा आमच्या मित्रांचा व्यवसाय.

या कामात सचोटीला किती जागा आहे, याची आम्हांस कल्पना नव्हती. ठरावीक काळातील पहिला, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा असे चार भाव मिळून एक कँडल होते. भाव मिनिटास शेकडो वेळा बदलू लागले की पडदा लुकलुकतो. म्हणून चित्र प्रथम संगणकाच्या स्मृतीत पूर्ण काढावयाचे आणि मग एकदम पडद्यावर ठेवावयाचे. एखाद्या कंपनीने एकास एक बोनस शेअर दिला की भाव निम्मा होतो. मागील सर्व भाव त्या प्रमाणात दुरुस्त केले नाहीत तर पाहणाऱ्यास वाटावे की कंपनी बुडाली. उभी रेषा शून्यापासून न मांडता नव्वदापासून मांडली तर टेकडीचा डोंगर दिसतो. तेव्हा रेषा कोठून सुरू झाली हे स्पष्ट लिहावयास हवे. हे सर्व त्यांनी निष्ठेने केले. "आपल्या अडतीवर मापाडी असतो ना, तसा मी," ते म्हणाले. "तूर कोणाची, भाव कोणता, यांच्याशी मला कर्तव्य नाही. काटा खरा ठेवणे एवढेच माझे काम, आणि ते मी केले."

कलबुर्गीची तूर आणि तेथील अडत यांच्या परिसरात वाढलेल्या मनुष्यास या उपमेचे बळ लगेच कळते. मापाड्याने काटा खरा ठेवला तर शेतकऱ्याच्या पुढील नफ्यातोट्याचा जाब त्यास कोणी विचारीत नाही. परंतु येथे एक शंका येते. चार्ट हा खरोखर काटा आहे काय?

या शंकेचे मूळ शोधण्यास आम्हांस दूर जावे लागले नाही. आज ज्यास बसवकल्याण म्हणतात त्या चालुक्यांच्या कल्याण नगरीत, सहाव्या विक्रमादित्याच्या म्हणजे १०७६ ते ११२६ या राजवटीत, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. हिंदू वारसा कायद्याचा मोठा भाग शतकानुशतके तिच्यावर उभा राहिला. विज्ञानेश्वराने ज्या स्मृतीवर भाष्य केले तिच्या व्यवहाराध्यायात दोन उपकरणांचा विचार आहे. एक तराजू आणि मापे; खोटी तुला किंवा खोटे माप करणाऱ्यास तेथे दंड सांगितला आहे. दुसरे फासे. मनूने राजास द्यूत राज्यातून हद्दपार करावयास सांगितले. याज्ञवल्क्याने मात्र ते राजाच्या देखरेखीखाली चालू दिले. द्यूतगृहाचा चालक म्हणजे सभिक. त्याने जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच, प्रसंगी दहा घ्यावे आणि राजास ठरलेला भाग द्यावा. खोट्या फाशांनी खेळणाऱ्यास डाग देऊन देशाबाहेर घालवावे. आजच्या दलालाची दलाली आणि २००४ पासून सरकार घेत असलेला रोखे व्यवहार कर यांकडे पाहिले असता ही जुनी व्यवस्था फारशी परकी वाटत नाही.

तेव्हा स्मृतीच्या दृष्टीने काटाही खरा हवा आणि फासाही खरा हवा. मग दोहोंत भेद कोणता? आमच्या मते भेद असा की, काटा जे आहे ते सांगतो आणि तेथेच थांबतो. फासा काहीच सांगत नाही. तो पुन्हा टाकावयास लावतो. वीस वर्षांच्या बचतीचा विचार करणारा मनुष्य एखाद्या कंपनीचा दहा वर्षांचा आलेख पाहतो, तेव्हा तो आलेख काटा असतो. तोच आलेख एक-एक मिनिटाच्या कँडलमध्ये, लाल-हिरव्या रंगांत, खरेदी-विक्रीच्या बटणांशेजारी ठेवला, की त्याचा फासा होऊ लागतो. एकही आकडा बदललेला नसतो.

हे आम्ही बोलून दाखविले तेव्हा आमच्या मित्रांनी एक जुनी गोष्ट सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी मालकाने त्यांस चार्टवर बाण दाखवावयास सांगितले : येथे घ्या, येथे विका. त्यासाठी झिगझॅग नावाची एक जुनी रीत वापरावयाची होती. भावाने ठरावीक प्रमाणात दिशा बदलली की मागील टोक तिच्यात निश्चित होते. म्हणजे तळ कोठे होता हे भाव तळापासून बराच वर आल्यावर कळते, परंतु बाण मात्र तळावरच उमटतो. मागील वर्षाचा चार्ट उघडून पाहावा तर प्रत्येक तळाशी "घ्या" आणि प्रत्येक शिखरावर "विका"! चालू दिवशी मात्र शेवटचा बाण सरकत राहतो, आणि सरकला हे नंतर कोणास दिसत नाही. ग्राहक मागील बाण पाहून थक्क होत, आणि आज्ञावली विकत घेत.

"प्रत्येक आकडा खरा होता," ते म्हणाले, "आणि चित्र खोटे होते."

त्यांनी त्या वेळी एक सोय लिहिली होती. प्रत्येक बाणासोबत तो कोणत्या क्षणी निश्चित झाला ती वेळही दाखवावयाची. ती दाखविली की जादू नाहीशी होई. मालकाने सोय राहू दिली, पण बंद अवस्थेत. ज्यास हवी त्याने शोधून चालू करावी. आमच्या मित्रांनी वाद घातला नाही. घरी लहान मुले होती, घराचे हप्ते होते. त्यांस कठोर शब्द लावण्याचा अधिकार आम्हांस नाही. कारण ज्या पक्षकाराचा दावा त्याच्या घराची राख करील हे दिसत असतानाही आम्ही त्याचे दावापत्र सुबक भाषेत लिहून दिले आहे, आणि त्याची फीही घेतली आहे. दावापत्रातील प्रत्येक शब्द खरा होता.

येथे एक आक्षेप संभवतो. सुरी करणाऱ्या लोहाराने प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हाताची जबाबदारी घ्यावी काय? प्रौढ मनुष्य स्वतःच्या बुद्धीने खेळतो आणि हरतो; त्याचे खापर कारागिरावर का? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. मनुष्याची जबाबदारी त्याच्याकडून काढून घेणे म्हणजे त्यास बालक ठरविणे होय. परंतु फौजदारी कायदा शिकणाऱ्या प्रत्येकास पहिल्याच वर्षी एक भेद शिकवितात : उद्देश वेगळा आणि जाणीव वेगळी. लोहाराचा उद्देश वाईट नसतो, आणि कोणती सुरी कोठे जाईल याची त्यास जाणीवही नसते. चार्ट करणाऱ्याची स्थिती आता तशी राहिलेली नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभर व्यक्तींपैकी ९३ तोट्यात गेल्या. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. दहा सुऱ्यांपैकी नऊ धरणाऱ्याचाच हात कापतात हे ज्यास ठाऊक झाले, त्या लोहाराने पुढील सुरीची मूठ कशी करावी, हा प्रश्न त्यापुढे गिऱ्हाइकाचा राहत नाही, लोहाराचा होतो.

मूठ बदलता येते, याला पुरावा आहे. १ जुलै २०२३ पासून सेबीच्या आदेशाने दलालांस आपल्या पडद्यावर स्पष्ट लिहावे लागते की, या व्यवहारांत दहापैकी नऊ जणांस तोटा होतो. बंगळूरच्या झेरोधा या दलाल संस्थेने आपल्या ग्राहकांस एक कळ दिली आहे. ती दाबली की त्या विभागातील व्यवहार काही तासांपुरते बंद होतात, म्हणजे हरण्याच्या आवेशात मनुष्याने स्वतःलाच आवरावे. अशा कळीने सर्व काही साधते असे नव्हे. सूचनेची ओळ वाचनीय अक्षरांत ठेवावी की एका टिचकीत नाहीशी होईल अशी, हे कोण ठरवितो? आदेशात ओळ असते. तिला पडद्यावर जागा मिळते ती अभियंत्याच्या हातून.

आपल्या देवस्थानांत फंडपेटी उघडावयाची तेव्हा मोजणारा कितीही सचोटीचा असला तरी एकट्याने मोजीत नाही. पंच समोर बसतात, आकडा मोठ्याने उच्चारला जातो, आणि वहीवर सह्या होतात. यात मोजणाऱ्याचा अपमान आहे असे कोणास वाटत नाही. नुसता खरा आकडा पुरेसा नसतो, तो कसा निघाला हे चारचौघांस दिसले पाहिजे, एवढेच त्यामागील शहाणपण. बाण केव्हा निश्चित झाला ती वेळ दाखविणे ही चार्टची फंडपेटी पंचांसमोर उघडणे होय. ती सोय बंद ठेवणे म्हणजे पेटी बंद खोलीत मोजणे. आकडा कदाचित बरोबरही असेल.

दुसऱ्या दिवशी निघताना आमच्या मित्रांनी सांगितले की, ती सोय त्या आज्ञावलीत अजून आहे, आणि अजून बंदच आहे. मालक बदलले, विंडोजच्या किती आवृत्त्या आल्या नि गेल्या, पण त्या ओळी तशाच राहिल्या. ती आरंभापासून चालू राहावी असे लेखी कळविण्याचे त्यांनी ठरविले आहे. काय होईल ते ठाऊक नाही. पंचवीस वर्षांनी का होईना, वाद घालावयाचा आहे.

ते वृद्ध गृहस्थ पुन्हा आले, तर पूर्वीचे उत्तर आम्ही देणार नाही. दोष म्हणजे वडिलोपार्जित जमीन नव्हे, की हिस्सेदार वाढले म्हणजे प्रत्येकाचा वाटा लहान व्हावा. ज्याने जेवढे जाणले, तेवढ्याचा तो पूर्ण धनी. खेळणारा आपल्या जाणिवेपुरता पूर्ण, सभिक आपल्या जाणिवेपुरता पूर्ण, चित्र काढणारा आपल्या, आणि दावापत्र लिहिणारा आपल्या. त्यांची चार एकर जमीन याने परत येणार नाही, हेही त्यांस सांगावे लागेल.