आडोशाचे दिवस

आषाढ अमावास्येच्या आसपासची सकाळ. पनवेलमध्ये पाऊस असा लागलेला असतो की कर्नाळ्याचा सुळका ढगातून बाहेरच येत नाही. खिडकीजवळ बसा. तळहातावर झेंडूचं एक बी घ्या.

एका टोकाला काळं, सुईसारखं बारीक. दुसऱ्या टोकाला फिकट कुसळांचा झुपका. वजन जाणवतही नाही. नुसतं बघा. हे झाड मूळचं मेक्सिकोचं, पण त्याच्या तोरणाशिवाय आपला दसरा होत नाही. त्या दसऱ्याला आता सुमारे 70 दिवस आहेत, आणि या बीला फुलायला जवळपास तेवढेच लागतात.

बाहेर पेरलं तर पहिल्याच सरीत वाहून जाईल. थंड देशांत हिमाच्या धास्तीने बी घरात रुजवतात, इथे पावसाच्या. म्हणून तळाला भोकं पाडलेला एखादा डबा, त्यात कोकोपीट आणि चाळलेलं शेणखत. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा: गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. बी आडवं ठेवा. वर अर्ध्या सेंटिमीटरचा थर पसरा आणि हात काढून घ्या.

आता श्वास सावकाश सोडा. चार-पाच दिवस हाताला काम नाही.

माती उकरून बघावंसं वाटेल. वाटू द्या. पुन्हा पुन्हा पाणी घालावंसं वाटेल, आणि तो मोह अधिक घातक. दमट हवेत ओल कोंडली की बुरशी देठाला मातीलगत धरते. काल उभी असलेली रोपं सकाळी आडवी दिसतात. बोटाचं टोक मातीला लावा. ओल लागली तर थेंबही नको. आपली काळजी कुठे संपते आणि आपली अस्वस्थता कुठे सुरू होते, ते या बोटाच्या टोकावर कळतं. इथे थोडं थांबा.

मग एके दिवशी दोन गुळगुळीत दलं वर येतात. दुपारपर्यंत ती खिडकीकडे कललेली असतात. 1880 साली चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की शेंडा झाकला तर कोंब उजेडाकडे वळत नाही. उजेड शेंड्याला कळतो आणि वाक खाली येतो. डबा अर्धा फिरवा. संध्याकाळी पुन्हा बघा, रोप पुन्हा वळू लागलेलं असेल.

कातरलेली खरी पानं फुटली की तळहात रोपांच्या शेंड्यांवरून अलगद फिरवा, रोज थोडा वेळ. वाऱ्यासारखा असा स्पर्श झाला की रोप कमी उंच आणि जाड देठाचं होतं. बंद खोलीतल्या शांततेत ते नुसतं लांबत जातं.

आणि मग मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो टप्पा: आडोसा काढून घेण्याचा. पहिल्या दिवशी गॅलरीच्या ग्रिलपाशी तासभर. दुसऱ्या दिवशी दोन तास. मग कोवळं ऊन, मग एखादी हलकी सर. श्रावण यासाठीच असल्यासारखा ऊन-पाऊस आलटून पालटून देतो. रोप बाहेर असताना तुम्ही आत बसा आणि धावत जाऊन उचलून आणण्याची ओढ कुठे उठते, छातीत की हातात, ते बघा. आडोसा दिला तीच माया आता तो काढते आहे.

प्रबळगडाच्या पायथ्याशी भातखाचरांत हेच मोठ्या प्रमाणावर होऊन गेलेलं असतं. राबातली रोपं उपटून, मुठी बांधून, गुडघाभर चिखलात लावलेली. तिथे कोणी हळहळत नाही. उपटल्याशिवाय लावणी नाही.

पेरल्यापासून तीन-चार आठवड्यांनी, चार-पाच पानांवर, संध्याकाळी लावा. दांडी चिमटीत धरू नका. मुळांभोवतीच्या मातीसकट उचला, खड्ड्यात ठेवा, दोन बोटांनी कडेची माती दाबा. सकाळी पानं लोंबलेली दिसली तर घाबरून पुन्हा घरात आणू नका. दोन-तीन दिवस द्या.