ओसरीवरची आठवण

आमच्या परिचयाच्या एका गावी प्राथमिक शाळेची स्मरणिका निघावयाची आहे. जुन्या विद्यार्थ्यांकडून पुष्कळ आठवणी आल्या, आणि त्या गोडही आहेत: शेणाने सारवलेली जमीन, एका सुरात म्हटलेले पाढे, पाटी पुसावयाचे ओले फडके, गुरुजींची छडी. काळ लोटला म्हणजे छडीचे वळही गोड लागतात!

परंतु त्याच शाळेत सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी शिकलेले एक आजोबा आमच्या मंडळीत आहेत. त्यांचा जन्म महार घरातला. सारवलेली जमीन त्यांस आठवत नाही, कारण तिच्यावर ते कधी बसलेच नाहीत. त्यांची जागा ओसरीवर, घरून आणलेल्या गोणपाटावर. तेथून फळा दिसत नसे. म्हणून पाढे ते कानांनीच शिकले, आणि आजही एकोणतिसाचा पाढा न अडखळता म्हणतात. पाटी तपासावयाची झाली म्हणजे ती खाली ठेवून दूर व्हावे लागे. गुरुजी छडी हातावर मारीत नसत, लांबून फेकीत.

हेही स्मरणिकेत घ्यावे काय, असा प्रश्न निघाला तेव्हा काही सज्जन म्हणाले, "जुने कशाला उकरावे?" वाचकहो, हे गृहस्थ दुष्ट नाहीत आणि त्यांच्या आठवणीही खोट्या नाहीत. म्हणूनच प्रश्न अवघड आहे. अनेक खऱ्या आठवणी मिळून एक असत्य घडू शकते काय? आम्हांस वाटते, घडू शकते. आत बसलेल्या पन्नास जणांनी कितीही प्रामाणिकपणे सांगितले, तरी ओसरी त्यांच्या पाठीमागेच राहणार. जे पाहावे लागले नाही, ते स्मरणात कोठून येणार?

ही ओसरी एकाच गावची नव्हती. सार्वजनिक शाळा व पाणवठे अस्पृश्यांस मोकळे असावे, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. त्यानंतर वीस वर्षांनीही आमचे आजोबा दाराबाहेरच होते. बालपणीच्या शाळेतील वेगळ्या गोणपाटाविषयी डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्याही पूर्वी, १८५५ साली, जोतीराव फुले यांच्या शाळेतील मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदया'त छापला गेला. अक्षर हाती येताच तिने लिहिले ते आपल्या लोकांच्या दुःखाविषयी.

मोशेच्या नियमशास्त्रात इस्राएल लोकांस मिसरातील दास्य स्मरावयास वारंवार सांगितले आहे, आणि ते परक्यास न्याय मिळावा म्हणून. येथे तर ज्यांनी सोसले नाही तेच विसरण्याचा सल्ला देतात.

आणखी एक गोष्ट. आजोबा त्या गुरुजींचे नाव आजही आदराने घेतात. "अक्षर त्यांनीच दिले," म्हणतात. हे ऐकताच एक गृहस्थ हर्षाने म्हणाले, "पाहा, त्यांचीही काही तक्रार नाही!" हे आम्हांस मुळीच रुचले नाही. आजोबांची कृतज्ञता ही त्यांची स्वतःची मिळकत आहे. तिच्यावर दुसऱ्याने आपले कर्ज फेडू नये. त्यांनी आदर बाळगला नसता, तरी त्यांस कोण दोष देणार होते?

आजोबा नव्वदीला टेकले आहेत, दृष्टी अधू झाली आहे. ते सांगतील ते लिहून घेण्यास त्यांचा नातू तयार आहे. पुढील महिन्यात मजकूर छापखान्यात जाईल. पाने भरली, असे संपादक म्हणतात. छडीविषयी सात लेख आले आहेत. त्यांतील एक कमी करावा.